घोड्याचं औषध

आमच्या मेट्रनबाईंचा एक नियम होता आणि तो मोडलेला त्यांना अजिबात खपत नसे. ॲड्रेनलिन भरलेली पिचकारी ट्रेमध्ये ठेवल्याशिवाय सीरमची बाटली कपाटातून काढायची नाही. आंघोळीला जाताना पंचा आधी खांद्यावर टाकतो की नाही, तसंच हे, असं त्या म्हणत. ओल्या अंगानं पंचा शोधत घरभर फिरायची वेळ यायला नको. एकदा माझ्याबरोबरच्या मुलीनं घाईत बाटली आधी काढली, तर बाईंनी तिला दिवसभर धुतलेल्या पट्ट्या गुंडाळायला बसवलं आणि वर म्हणाल्या, "हात कामात राहिले म्हणजे डोकंही जागेवर राहतं."

मी तेव्हा सोलापुरातल्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात ही गोष्ट कुणालाच रुचली नव्हती. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले होते, आणि परत आलेल्या मुलीनं दुकानामागच्या खोलीत डाळी निवडत बसावं, एवढीच सगळ्यांची माझ्याकडून अपेक्षा होती. मला डाळी निवडायचा भयंकर कंटाळा. दवाखान्यात नाव घातल्यावर काकूनं माझ्या हातचं पाणी प्यायचं सोडलं. मीही तिच्याकडे पाणी मागायचं सोडलं. आमच्या घरात बायका हट्टाला कमी पडत नाहीत.

सीरम म्हणजे काय हे बाईंनी आम्हाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. घोड्याला रोगाचं विष थोडंथोडं टोचतात, त्याचं रक्त ते पचवायला शिकतं, आणि त्या रक्तावरचं पिवळसर पाणी माणसाला देतात. घटसर्पानं गळा बंद होत आलेलं मूल त्यानं वाचतं. धनुर्वाताची भीती असेल तर तेही आधीच टोचून ठेवता येतं. मुंबईहून रेल्वेनं येणाऱ्या त्या बाटल्या आम्ही देवाच्या तीर्थासारख्या जपून हाताळायचो. पण बाईंनी लगेच दुसरी बाजूही सांगितली. एकदा घोड्याचं सीरम घेतलेल्या माणसाला पुढे कधीतरी ते पुन्हा दिलं, तर एखाद्याचं अंग त्याच्यावर उलटतं. नाक खाजतं, शिंका येतात, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, गळा आवळतो आणि नाडी बोटाखालून निसटते. चहाचं आधण यायला लागतो तेवढ्या वेळात हे सगळं होऊन जातं.

"अंगावर गांधी उठल्या की तुमच्या घरी काय करतात?" बाईंनी विचारलं.

पित्त उठलं म्हणतात, आम्ही म्हणालो. आमसुलाचं पाणी चोळतात. घोंगडीवर लोळवतात नाहीतर घोंगडी अंगावर घासतात.

"खाण्यापिण्यानं उठलं असेल तर खुशाल घासा. सुई टोचल्यावर उठलं तर पित्त हा शब्दसुद्धा मनात आणायचा नाही. पिचकारी उचलायची."

म्हणून सीरम देण्याआधी रोग्याला विचारायचे प्रश्न आम्ही पाढ्यासारखे पाठ केले होते. पूर्वी कधी सीरम किंवा कसलीही सुई घेतली आहे का? दमा आहे का? घोड्याजवळ गेलं की शिंका येतात का? हे विचारायचं काम शिकाऊ मुलींकडे असे, आणि ते मला आवडायचं, कारण लोकांना प्रश्न विचारायची खोड मला लहानपणापासूनच होती.

एका बाजाराच्या दिवशी सकाळी एक सून आली. माळशिरसच्या बाजूची मेंढरं राखणारी माणसं होती, घोंगड्या विकायला सोलापूरला आलेली. टांग्यांच्या अड्ड्यावर घोड्याच्या नालाचा गंजका खिळा तिच्या टाचेत खोल गेला होता. जखमेवर कुणीतरी चुना आणि तंबाखू दाबून भरली होती, आणि त्याखाली अड्ड्यावरची लीद होतीच. धनुर्वाताला याहून चांगलं आमंत्रण काय द्यायचं? बरोबर सासू होती, उंच, काळीसावळी, कपाळावर ठसठशीत गोंदण. नवरा मेंढरांमागं गावीच राहिला होता. थोरला दीर घोंगड्यांचं गाठोडं खांद्यावर घेऊन दारातच उभा राहिला, आणि दीर उभा म्हणून सुनेनं पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला. वय विशीच्या आतबाहेर. रडत नव्हती, कण्हत नव्हती.

डॉक्टरसाहेबांनी पाय बघितला आणि धनुर्वाताचं सीरम द्यायला सांगून ते दुसऱ्या रोग्याकडे गेले. मी ट्रेमध्ये पिचकारी भरून ठेवली, पाय धुवायला पाणी घेतलं आणि प्रश्न विचारायला लागले. सुनेला विचारले खरे, पण उत्तरं सासू देत होती. त्यात नवल काही नव्हतं. आमच्याकडे सून दवाखान्यात आली की तिचं दुखणंसुद्धा सासूच सांगते.

"हिनं याआधी कधी सुई घेतलीय का, मावशी?"

"आमच्या घरात कुनाला सुई लावली न्हाय. हिलाबी न्हाय."

"लग्नाआधी, माहेरी?"

"तिकडं कशाची आलीय सुई? अक्कलकोटाच्या पल्याडचं खेडं हाय. तितं काय दवाखाना हाय व्हय?"

दमा? न्हाय. घोड्याजवळ शिंका? सासू हसली. "आमी मेंढरातली मानसं, घोडं कुटनं आनायचं?"

सगळी उत्तरं नाही. पाढा संपला. आता बाटली काढायची एवढंच उरलं होतं. पाण्याचा तांब्या उचलताना सुनेचा पदर जरा सरकला, आणि तिच्या गळ्यातल्या चांदीच्या सरीखाली, गळ्याच्या खळगीत, मला एक खूण दिसली.

"हे काय झालं होतं?" मी विचारलं.

"डागलंय की. ल्हानपनी खोकला हुता म्हनून माहेरात डागलं," सासू म्हणाली. दारातून दीरानंही मान हलवली.

डागलेलं माणूस आमच्या भागात नवं नाही. पोट फुगलं, खोकला राहिला, पोर वाढेना, की तापलेल्या लोखंडाचा चटका द्यायचा. निम्म्या रोग्यांच्या अंगावर डाग असायचे आणि आम्ही त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसू. माझ्याही पोटावर, बेंबीच्या बाजूला, तान्हेपणी दिलेला डाग आहे. म्हणूनच मला ते पटेना. माझा डाग नाण्याएवढा, गोल, गुळगुळीत आणि मध्ये किंचित दबलेला. डाग असाच असतो. हिच्या गळ्यावर होती ती बारीक उभी रेघ, आणि तिच्या दोन्ही अंगांना बारके ठिपके. लोखंडाचा चटका सरळ रेघेत कापत नाही आणि ठिपके ठेवून जात नाही. ते टाके होते.

तशी रेघ मी त्याच महिन्यात पाहिली होती. विणकामाच्या वस्तीतलं एक पोर घटसर्पानं निळं पडून आलं, तेव्हा डॉक्टरसाहेबांनी त्याचा गळा तिथंच चिरून नळी घातली होती. नळी निघाल्यावर मागे राहिली ती अगदी हीच खूण. आणि त्या पोराला गळा चिरायच्या आधी काय टोचलं होतं? घोड्याचं सीरम.

हिलाही लहानपणी सीरम मिळालेलं असणार. ते लपवलेलं होतं, आणि मी आता सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं तर ही पदराआडून नाहीच म्हणणार.

मी तिचा पाय मांडीवर घेतला, टाचेतला चुना खरवडायला लागले आणि खाली मान घालूनच तिच्याशी कानडीत बोलले. आमच्या घरात व्यवहार मराठीत आणि भांडणं कानडीत, त्यामुळे मला दोन्ही सारख्याच येत. तिचा पाय माझ्या हातात एकदम ताठला. सासरी कानडी बोलायची तिला बंदी होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. ही आपल्याला शिव्या घालते, असं घरातल्यांना वाटायचं.

"गळ्याची नळी कुठं घातली होती?" मी विचारलं.

तिनं पदर आणखी खाली ओढला.

"सांगितलं नाहीस तर या सुईनं तुझा गळा पुन्हा बंद होईल. खरं बोलतेय मी."

"अक्का," ती पदराआडून इतक्या हळू म्हणाली की मला वाकावं लागलं, "ते कळलं तर मला परत पाठवतील. गळा फाडलेली पोरगी म्हणून दोन स्थळं मोडली माझी. बापानं डाग म्हणून सांगितलं तेव्हा कुठं जमलं."

"तुझ्या घरात मी कुणाला सांगणार नाही. फक्त हो की नाही सांग. गळा चिरला, त्याच्या आधी सुई टोचली होती?"

"हौद," ती म्हणाली. हो.

"काय म्हनती ती?" दीरानं दारातून विचारलं.

"पाय दुखतो म्हणते," मी म्हणाले. "माझंही माहेर कानडी आहे, म्हणून बोलतेय तिच्याशी. तुम्हाला काही अडचण?" माझा आवाज जरा चढलाच. परत पाठवतील हे शब्द ऐकून माझं डोकं फिरलं होतं. परत येणं म्हणजे काय असतं ते मला कुणी सांगायला नको होतं.

मी हात धुतले आणि बाईंना गाठलं. बाईंनी डॉक्टरसाहेबांना बाजूला बोलावून सगळं सांगितलं. ते परत आले, सुनेच्या गळ्याशी काही न बोलता वाकून बघितलं आणि बाईंकडे मान हलवली. टाचेची जखम खोल होती आणि धनुर्वाताची भीती खोटी नव्हती. पूर्ण सुई द्यायची नाही, आधी पातळ केलेल्या सीरमचा एक थेंब हाताच्या कातडीत घालून बघू, असं त्यांनी ठरवलं. बाईंनी दीराला घोंगड्यांसकट व्हरांड्यात बसवलं. सासू मात्र हलेना. ती खाटेच्या पायथ्याशी खाली बसून राहिली.

थेंब घातला आणि आम्ही बघत राहिलो. प्रथम सुईच्या जागी डास चावल्यासारखा फुगवटा आला. मग तो पसरायला लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या. सुनेनं नाक चोळलं. एकदा शिंकली, लगोलग पुन्हा शिंकली. मी तिच्या मनगटावर बोट ठेवलं होतं, नाडी धावायला लागली होती. मानेवर, छातीवर लाल गांधी उठल्या, आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला ते आजही आठवतं. बाईंनी शिकवलं होतं, रोगी तोंडानं सांगायच्या आधी त्याचे डोळे घाबरतात. ते मी तोपर्यंत नुसतं पाठ केलेलं होतं.

"पित्त उठलं की गं!" सासू एकदम उठली. काखेतली घोंगडी झटकून तिनं सुनेच्या पाठीवर घासायला घेतली. "आमसूल आना कुनीतरी!"

"मावशी, बाजूला व्हा!" मी ओरडले. आपल्या आईच्या वयाच्या बाईवर ओरडायची मला सवय नव्हती, पण तेव्हा ते सुचलंही नाही. मी घोंगडी तिच्या हातातून ओढून खाटेखाली टाकली. बाईंनी थेंब घातलेल्या हातावर दंडाशी रबरी नळी आवळून बांधली, म्हणजे अंगात आणखी पसरायला नको. सुनेचे ओठ जाड झाले होते, श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती. मी पिचकारी उचलून डॉक्टरसाहेबांच्या हातात दिली. ती तिथंच होती, भरलेली, हाताशी. मी मनातल्या मनात बाईंना हात जोडले.

ॲड्रेनलिन अंगात गेल्यावर तिचे हात थरथरायला लागले, चेहरा पांढरा पडला, आणि मग शिट्टी हळूहळू कमी होत गेली. सासू भिंतीशी उभी होती. तोंडात पदराचा बोळा. डॉक्टरसाहेबांनी पुन्हा एकदा थोडं औषध दिलं. गांधी उतरायला लागल्या, ओठ पूर्ववत व्हायला लागले, आणि तिनं पाणी मागितलं. नुसत्या एका थेंबानं एवढं झालं होतं. अख्खी बाटली गेली असती तर काय, ते बोलायची गरजच नव्हती. मी तिच्या खाटेच्या कडेवर बसले. रोग्याच्या खाटेवर बसायला आम्हाला सक्त मनाई होती. बाई माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून निघून गेल्या.

सीरमचा नाद सोडायचं ठरलं. टाच उघडी करून आतली घाण काढली, जखम न शिवता तशीच ठेवली आणि रोज धुवायला घेतली. जबडा ताठतो का, मान आखडते का, ते मी रोज बघत होते आणि रोज तिला तोंड उघडायला लावत होते. शेवटी ती माझ्याकडे बघूनच आ करायला लागली. धनुर्वात झाला नाही.

ती घरी जायच्या आदल्या दिवशी माझ्यापुढे खरा पेच होता. हिला पुन्हा कधी कुणी हे औषध टोचलं तर ही जगणार नाही, हे घरात कुणाला तरी माहीत असायला हवं होतं. आणि ते सांगायचं तर आधी कधीतरी ते टोचलं होतं हेही सांगावं लागणार. मी शब्द दिलेला. मी दिवसभर चिडचिड करत होते. दोन बेडपॅन आपटले, स्वयंपाकिणीशी भांडले.

संध्याकाळी मी पाणवठ्यावर भांडी घासत असताना सासू येऊन शेजारी बसली. दीर बाजारात गेला होता.

"नर्सबाई, त्या दिशी तुमी तिला कानडीत काय इचारलं?"

"पायाचंच," मी म्हणाले.

"खोटं बोलू नका. मी मेंढरं डागते. माज्या हातानं डागते. डाग कसा दिसतो ते मला कळत न्हाय व्हय?"

मी भांडं खाली ठेवलं.

"लगीन झालं, न्हाणं घातलं तिला, तवाच बगितलं मी," ती म्हणाली. "चाकूचं हाय ते. म्हनलं, पोरगी वाचलीय कशातनं तरी. पर माजा थोरला लई वाईट डोस्क्याचा. त्याला कळलं तर तो ठिवनार न्हाय तिला. मग मीबी म्हनत गेले डाग हाय म्हनून. सुईचं मला ठाव न्हवतं, बाई. गळ्याचं ठाव हुतं. ते सांगितलं असतं तर तुमाला उमगलं असतं, व्हय की न्हाय?"

इतकी वर्षं एकाच घरात या दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या, आणि दोघींचाही हेतू एकच, पोरगी घरात टिकावी. मी तिला सगळं सांगितलं. घटसर्प, नळी, घोड्याचं रक्त, आणि पुन्हा टोचलं तर काय होईल ते.

"मग आता काय करायचं?" शेवटी तिनंच विचारलं. "मी सांगू कसं घरात?"

"मलाही तेच कळत नाही," मी म्हणाले.

ती उठली, पदर झाडला आणि म्हणाली, "मला कळलं."

दुसऱ्या दिवशी निघताना दवाखान्याच्या पायरीवर तिनं सुनेच्या कपाळाला भंडारा लावला आणि दीराला ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, "आपल्या देवाचं वाहन घोडं हाय. त्याच्या रगताचं औषध हिच्या अंगात शिरलं म्हनून देव खवळला आन अंगावर गांधी उठवल्या. आजपासनं हिला घोड्याचं औषध चालत न्हाय. हिचा नेम हाय हा. कुटंबी गेलं, काईबी झालं, आधी दारात सांगायचं आन मग आत जायचं." दीरानं कानाला हात लावले. सुनेनं पदराआडून माझ्याकडे एकदाच बघितलं.

मला हसू आवरेना आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. तिनं आमच्या पाढ्यातला प्रश्न घेतला आणि देवाच्या ताब्यात देऊन टाकला. देवाच्या नेमाला कुणी कारण विचारत नाही.

पुढे काही वर्षांनी, मी त्याच दवाखान्यात नर्स म्हणून लागल्यावर, एका दुपारी बैलगाडीतून एका बाईला आणलं. बैलानं मांडीत शिंग खुपसलं होतं आणि रक्त बरंच गेलेलं, ती अर्धवट शुद्धीत होती. गाडीतून उतरलेला माणूस पायरी चढायच्या आधीच ओरडला, "हिला घोड्याचं औषध चालत न्हाय! देवाचं हाय!" मी चेहरा ओळखला. थोरला दीर होता. केस पिकले होते.

"तुमच्या आई?" मी विचारलं.

"गेली औंदा. जाताना दुसरं काय न्हाय बोलली. हेच बजावून गेली."

माझ्याबरोबरची नवी शिकाऊ मुलगी सीरमची बाटली काढायला कपाटाकडे निघाली होती. ती थांबली आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "बाई, काय अडाणी लोक आहेत! देवाचं वाहन म्हणे. द्यायचंच ना आपण?"

मी त्या बाईचा पदर जरा बाजूला केला. सरीखाली ती उभी रेघ तशीच होती.

"नाही," मी म्हणाले. "बाटली आत ठेव आणि कपाट लाव."

"तुमचाही विश्वास आहे?"

"आहे," मी म्हणाले, आणि जखम धुवायला पाणी मागवलं.